वाकड्या अंगणातल्या विटेस

श्रीमती लाल वीट यांस,
मुक्काम सिटी हॉल प्लाझा, बॉस्टन

सा. न. वि. वि.

पत्र खुलं लिहितो आहे, कारण तुम्हाला पाकीट फोडता येत नाही. आणि तसंही तुमच्याविषयी या शहरात पन्नासेक वर्षं जे बोललं जातं ते चारचौघांत, बहुतेक वेळा तुमच्यावरच उभं राहून बोललं जातं. मग मी एकट्याने भीड कशाला बाळगू?

प्रथम अभिनंदन. नोव्हेंबर २०२२ मध्ये बॉस्टनच्या महापालिकेसमोरचं हे सात एकरांचं आवार नवं रूप घेऊन लोकांसाठी खुलं झालं. खर्च सुमारे साडेनऊ कोटी डॉलर. सासाकी या इथल्या नामांकित कंपनीने आराखडा केला, अडीचशेच्या आसपास झाडं लावली, हजारो माणसं टेकू शकतील अशा पायऱ्या आणि बाकं केली, मुलांना घसरगुंड्या दिल्या. एवढं सगळं झाल्यावर लोक हौसेने बघायला आले, त्यांनी खाली मान घातली आणि पहिला प्रश्न विचारला, ‘हे काय, अजून विटाच?’

धन्य आहे बाई तुमची. महापौर मेनिनो यांनी २००६ मध्ये अख्खा सिटी हॉलच विकून दक्षिण बॉस्टनच्या धक्क्यावर बिऱ्हाड हलवायचा बेत जाहीर केला होता. मंदी आली, बेत बारगळला, तुम्ही राहिलात. त्यांच्यानंतर वॉल्श आले. त्यांनी तुमच्यावर प्लास्टिकचं हिरवंगार गवत अंथरलं, आरामखुर्च्या मांडल्या, थंडीत बाजार भरवून स्केटिंगची वाट केली. गवत गेलं, बाजार उठला, तुम्ही होतातच. पुढे महापौर वूबाईंच्या कारकिर्दीत फीत कापली गेली, आणि संख्येने थोड्या घटल्या असाल, पण ठाण सोडलं नाहीत. आमच्याकडे एवढा चिवटपणा पडूनही मंत्री होणाऱ्यांतच बघायला मिळतो.

तुमच्यावरचं आरोपपत्र एकदा वाचून दाखवतो, म्हणजे नंतर ‘मला माहीत नव्हतं’ असं म्हणायला नको.

न्यूयॉर्कच्या ‘प्रोजेक्ट फॉर पब्लिक स्पेसेस’ या संस्थेने २००४ मध्ये जगातल्या वाईट चौकांचा हिशेब मांडला, त्यात तुमचा पहिला नंबर आला. पहिला नंबर तो पहिला नंबर. कशात आला ते विचारू नये. जानेवारीत उंच इमारतींवरून घसरत आलेला वारा तुमच्यावर मोकाट सुटतो आणि माणसं कोटाची कॉलर धरून पळत सुटतात. जुलैत तुम्ही तापता. उंच टाचा तुमच्या फटींत अडकतात. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला तुम्ही हाडं मोजायला लावता. एका कोपऱ्यात खोलगट कारंजं होतं, ते खालच्या भुयारी रेल्वेवर गळायला लागलं म्हणून बंद केलं. कितीतरी वर्षं तो खड्डा कोरडाच पडून होता आणि शेवटी त्यावर स्लॅब टाकून विषय मिटवला. (या कलमाचं मला फारसं वाईट वाटलं नाही. चौकातलं कारंजं हे बंद असण्यासाठीच बांधतात अशीच पुण्यात माझी समजूत होती.)

आणि तुमची ती फेब्रुवारीतली खोडी! फटीत पाणी जातं, रात्री गोठतं, फुगतं आणि वीट खालून उचलली जाते. दुपारी ऊन पडलं की खालचा बर्फ वितळतो, वर वीट डुगडुगत राहते. दिसायला अगदी साळसूद. कोपऱ्यावर टाच पडली की दुसरं टोक वर येतं आणि खालच्या काळ्या पाण्याची चिळकांडी थेट पोटरीपर्यंत. इस्त्रीची पँट घालून मीटिंगला निघालेला माणूसच नेमका तुम्हाला कसा सापडतो, ते तुम्हीच जाणा. पुण्यात हेच काम जुलैमध्ये पेव्हर ब्लॉक करतो. त्याला बर्फही लागत नाही.

खरं म्हणजे आमच्या संस्कारांत विटेचा मान मोठा. पंढरपुरात पुंडलिकाने आईवडिलांची सेवा चालू असताना देवाकडे वीट भिरकावली आणि ‘थांब जरा’ म्हणाला. देव तिच्यावर उभा राहिला, तो अजून उभा आहे. ‘वीट जरा खडबडीत आहे’ अशी तक्रार ना देवाने केली, ना वारकऱ्याने. तुमच्यावर मात्र साधं पाच मिनिटं थांबायला कुणी तयार नव्हतं. नूतनीकरणाच्या आधी ठाण्याहून आमचे एक काका आले होते. आयुष्य बांधकामाच्या धंद्यात गेलेलं. त्यांना हे आवार दाखवायला नेलं. शहराच्या ऐन मध्यावर, स्टेशनच्या डोक्यावर, सात एकर, आणि त्यावर एक भेळवालासुद्धा नाही, हे बघून ते बराच वेळ गप्प होते. मग हळूच म्हणाले, ‘केस कोर्टात अडकली आहे का रे?’

आता हे नवं झाल्यावर लोक काय म्हणतात, तेही तुमच्या कानावर असेलच. घसरगुंडीखाली उभे असलेले आईबाप खूश आहेत. त्यांना विटांशी देणंघेणं नाही, पोरगं दमून घरी झोपेल एवढंच त्यांचं मागणं. त्यांच्या शेजारी उभा असलेला करदाता साडेनऊ कोटींना झाडांच्या संख्येने भागतो आहे आणि प्रत्येक भागाकारागणिक त्याचा आवाज चढतो आहे. झाडं नवीन आहेत, त्यामुळे काही उन्हाळे तरी सावली म्हणजे काठीची सावली, त्यावरूनही टोमणे. सिटी हॉलच्या काँक्रीटच्या आडदांड इमारतीवर जीव टाकणारी एक जमात इथे आहे, तिचं दुःख तर निराळंच. एवढी भव्य पोकळी होती, तिच्यात माणूस कसा क्षुद्र वाटायचा, आणि तुम्ही तिच्यात घसरगुंड्या घातल्यात! या मंडळींशी मी वाद घालत नाही. क्षुद्र वाटण्यासाठी मला वेगळी जागा लागत नाही, ऑफिस पुरतं.

आणखी काहींची शंका अशी, की बाकं आणि झाडं घालून मोर्च्यांची जागा खाल्ली. मोठ्या मेळाव्यासाठी मोकळं मैदान राखलं आहे, तेव्हा शंका तितकीशी खरी नाही. पण ती हसण्यावारी नेण्यासारखीही नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? ५ एप्रिल १९७६ ला तुम्ही होतात. काळ्या आणि गोऱ्या मुलांना एका शाळेत आणण्यासाठी बसमधून नेण्याच्या हुकमाविरुद्ध गोऱ्या पोरांचा मोर्चा आला होता. थ्री-पीस सुटातला एक काळा वकील, थिओडोर लँड्समार्क, सिटी हॉलमधल्या बैठकीला निघाला होता. पोरांनी त्याला घेरलं, मारलं, नाक मोडलं. एकाने अमेरिकेचा झेंडा काठीसकट त्याच्यावर उगारला आणि नेमक्या त्या क्षणी स्टॅन्ली फॉरमन या वृत्तपत्र छायाचित्रकाराचा कॅमेरा वाजला. त्या फोटोला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. या आवाराबद्दलच्या तक्रारींत वाऱ्याचा उल्लेख हटकून येतो. त्या दिवसाचा क्वचितच.

असो. मुद्दा तुमच्या गुन्ह्याचा आहे.

तुमच्या बाजूने दोन साक्षीदार मी काढून ठेवले आहेत. पहिली तुमची सख्खी बहीण. पत्ता बीकन हिल, तुमच्यापासून चालत दहा मिनिटांवर. रंग तोच, फटी त्याच, बर्फात डुगडुगणं तेच. १९४७ मध्ये पालिकेने तिथल्या वेस्ट सीडर स्ट्रीटवरच्या विटा उखडून सिमेंट टाकायचं ठरवलं, तर मोठ्या घरच्या बायका बाहेर आल्या आणि फुटपाथवर विटांवर ठाण मांडून बसल्या. पालिकेला माघार घ्यावी लागली. २०१४ मध्ये पालिकेने रस्त्याच्या कडेला चाकाच्या खुर्च्यांसाठी सिमेंटचे उतार आणि अंधांच्या काठीला कळतील अशा उठावदार पट्ट्या बसवायचं ठरवलं, तर तिथली रहिवासी संघटना कोर्टात गेली. तिथे तुमच्या बहिणीपुढे माणसाच्या चाकाची किंमत कमी. तिच्यापुढे पर्यटक उभे राहून फोटो काढतात, तिच्या अंगावरच्या घरांचे भाव ऐकले तर मला बसायला खुर्ची लागते. म्हणजे बॉस्टनकरांना विटेचा राग आहे म्हणावं, तर तेही जमत नाही.

दुसरी साक्षीदार इटलीतली. सिएना गावचा पियाझ्झा देल काम्पो. तुमचं आवार आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तोच चौक होता. तोही विटांचा आणि तोही उतरता. दर उन्हाळ्यात दोनदा तिथे घोड्यांची शर्यत होते, एरवी लोक नुसतेच जमिनीवर पाय पसरून बसलेले असतात. ज्या विटेवर तुमच्याकडे कुणी थांबत नव्हतं तिच्यावर तिकडे लोक लोळतात. फरक शोधायला वास्तुविशारद व्हायला नको. काम्पोच्या चहूबाजूंनी घरं आहेत, दारं आहेत, कॉफी आहे, वरच्या मजल्यावरून खाली डोकावणारी म्हातारी आहे. तुमच्या चहूबाजूंनी काय होतं? सरकारी कचेऱ्या. पाच वाजता त्यांना कुलूप, आणि त्यांच्या भिंतींना तुमच्याकडे उघडणारं दार शोधून सापडायचं नाही.

दारं नव्हती असं मात्र नाही, बाई. तुम्ही यायच्या आधी होती.

तुमच्या जागी स्कॉली स्क्वेअर होता. शिकलेल्या लोकांनी नाक मुरडावं असा गजबजलेला, थोडासा बदनाम चौक. खलाशांचे गुत्ते, गोंदवून घ्यायची दुकानं, हॉट डॉगवाले, आणि ओल्ड हॉवर्ड हे नाटकगृह. ते मुळात जगबुडीची वाट बघणाऱ्या एका पंथाचं प्रार्थनागृह. ठरल्या तारखेला जग बुडालं नाही, मग त्याच जागेत नाटकं सुरू झाली आणि पुढे तर बायकांच्या नाचांसाठी ते देशभर प्रसिद्ध झालं. जवळच कोर्ट स्ट्रीटवर १०९ नंबरच्या घरात, विजेची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्याच्या माळ्यावर, अलेक्झांडर ग्रॅहम बेलला १८७५ मध्ये तारेतून पहिला आवाज ऐकू आला. चहाच्या एका दुकानाने दारावर तांब्याची अवाढव्य किटली टांगली होती, वाफ सोडणारी. तिच्यात चहा किती मावेल याची पैज लावली, तर उत्तर ऐकायला हजारो लोक चौकात जमले. उत्तर होतं २२७ गॅलन आणि वर काही घोट. चहाच्या किटलीसाठी हजारो! आज तुमच्यावर माणसं जमवायला गाण्याचे कार्यक्रम आणि बिअरचा मंडप लागतो.

हा सगळा चौक १९६२ पासून पाडायला घेतला. शेकडो इमारती गेल्या. केंद्र सरकारचा पैसा होता, योजनेचं नाव शहराचं नवीकरण. पुनर्विकास म्हटलं की मुंबईकराचा हात आपोआप घराच्या कागदांकडे जातो, त्यामुळे पुढचं तुम्हाला समजावत बसत नाही. महापौर होते जॉन कॉलिन्स. पुनर्विकास प्राधिकरणाचे प्रमुख एडवर्ड लोग. नकाशा काढला आय. एम. पेई यांनी, ज्यांनी पुढे पॅरिसला लुव्रसमोर काचेचा पिरॅमिड उभा केला. त्यांनी बावीस गल्ल्याबोळांचे सहा रस्ते केले. सिटी हॉलसाठी स्पर्धा झाली, अडीचशेहून अधिक नकाशे आले, कालमन आणि मॅकिनेल जिंकले. इमारत १९६८ मध्ये उभी राहिली आणि तिच्या पायाशी, तिच्या आतपर्यंत घुसवत, तुम्हाला अंथरलं. केंब्रिज स्ट्रीटपासून काँग्रेस स्ट्रीटपर्यंत जमीन सव्वीस फूट उतरते. तो उतार पायऱ्या करून विटांखाली झाकला. चालणाऱ्याला पायऱ्या, चाकवाल्याला वळसा.

आणि मग तिथे माणसं येईनात, तेव्हा सगळे म्हणाले, विटाच वाईट. नाचता येईना, अंगण वाकडं.

बघा, तुमच्यामुळे किती सोय झाली. कॉलिन्स यांना कुणी विचारलं नाही, लोग यांना विचारलं तर ते उत्तर देऊ शकत होते, आणि फार चांगलं देत. पेई यांना १९८३ मध्ये वास्तुकलेतला सर्वांत मोठा मान, प्रिट्झकर पारितोषिक, मिळाला. उठून गेलेल्या गुत्तेवाल्याला, हॉट डॉगवाल्याला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. राहिलात तुम्ही. तुम्ही बोलत नाही, राजीनामा देत नाही, वर्तमानपत्राला पत्र लिहीत नाही, पायाखाली असता. गुन्हेगार म्हणून याहून लायक उमेदवार कुठे मिळणार? तेव्हा बाई, खापर फोडायला साऱ्या शहराला तुमचंच डोकं सापडलं.

या नूतनीकरणातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगतो, बहुतेकांच्या बोलण्यात ती येत नाही. जुन्या चौकातून हॅनोव्हर स्ट्रीट नावाचा रस्ता थेट नॉर्थ एंडपर्यंत, इटालियन वस्तीत जायचा. साठच्या दशकात पेईंच्या नकाशात तो तुमच्याखाली गडप झाला. नॉर्थ एंडमधलं त्याचं उरलेलं टोक अजून त्याच नावाने, केक आणि कॉफीच्या वासात मजेत नांदतं आहे. नव्या आराखड्यात त्याच दिशेने एक रुंद, सलग उताराची वाट काढली, एकही पायरी नसलेली, आणि तिला नाव दिलं हॅनोव्हर वॉक. म्हणजे साठ वर्षांपूर्वी सरकारी पैशाने एक रस्ता पुसला आणि आता सरकारी पैशाने त्याच्या जागी वाट काढली. मधल्या दोन पिढ्यांची पायपीट बिलात कुठे दाखवलेली नाही.

मी त्या वाटेने बऱ्याचदा जातो. परवा एक बाई चाकाची खुर्ची स्वतः ढकलत काँग्रेस स्ट्रीटकडून वर येत होत्या. न थांबता, न वळसा घालता, फोनवर कुणाशी तरी भांडत. जोरजोरात. फोन कानाशी खांद्याने दाबून धरलेला आणि दोन्ही हात चाकांवर. एरवी चौकाच्या सुशोभीकरणाने मी भारावून जात नाही. आमच्या गावच्या सुशोभीकरणात एक गोल कट्टा, एक बंद दिवा आणि एका नगरसेवकाचं नाव एवढंच हाती लागतं. पण त्या बाईंना रस्त्याकडे लक्षच द्यावं लागत नव्हतं, म्हणजे हे काम कुणीतरी नीट केलं आहे, हे तुमच्या विरोधकांनाही कबूल करावं लागेल. तुम्हालाही. त्या वाटेवर तुमचं फारसं चालत नाही, म्हणून असेल.

शेवटी एक कानमंत्र. जानेवारी २०२५ मध्ये त्या काँक्रीटच्या इमारतीला शहराचा अधिकृत वारसा म्हणून दर्जा मिळाला. जिला पाडा, विका, निदान वेलींनी झाका असं लोक म्हणायचे, ती आता संरक्षित. पन्नास वर्षं शिव्या खाल्ल्या की वारसा होतो, असा इथला हिशेब दिसतो. तुम्हीही तेवढीच वर्षं खाल्ल्या आहेत, तेव्हा अर्ज करायला हरकत नाही. बीकन हिलच्या बहिणीला सोबत घ्या, तिच्या ओळखी मोठ्या आहेत. आणि अर्ज मंजूर होईपर्यंत फेब्रुवारीत जरा सरळ राहा. बूट नवे आहेत.

कळावे, लोभ होता तेवढाच असावा ही विनंती.

आपला,
एक पादचारी

ता. क. कोपऱ्यावरच्या किटलीला नमस्कार सांगा. पाडापाडीतून वाचलेल्या मोजक्यांपैकी ती एक, आणि तिच्याविरुद्ध अजून एकही तक्रार आलेली ऐकली नाही. काय युक्ती केली, विचारून ठेवा.